ही बिअर प्यायला ब्रुसेल्सलाच का जातात?

ब्रुसेल्सच्या मिदी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आंदरलेख्त भागातल्या एका साध्या गल्लीत, गोदामासारखी दिसणारी इमारत आहे. आत शिरताच ओलं लाकूड, आंबट सफरचंद आणि किंचित तबेला असा मिश्र वास येतो. ही काँतियों ब्रुअरी. १९०० साली सुरू झाली आणि १९७८ पासून तीच संग्रहालयही आहे. जगभरातून माणसं इथे जी बिअर प्यायला येतात, ती पहिल्या घोटाला अनेकांना बिअर वाटतच नाही. फेस जवळजवळ नाही, कडवटपणा नाही, उलट लिंबासारखा आंबटपणा. या बिअरचं नाव लॅम्बिक.

बिअरसाठी प्रवास करण्याची हौस नवी नाही, पण त्यामागचं कारण जरा तपासून पाहण्यासारखं आहे. आजकाल बहुतेक बिअर कुठेही बनवता येते. जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट प्रयोगशाळेकडून मागवा, पाण्यात जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड मोजून घाला, तापमान सांभाळा, की म्युनिकची चव पुण्यातही उतरते.  मग तीच चव घरापाशी मिळत असेल तर विमानाचं तिकीट कशाला काढायचं? लॅम्बिकच्या बाबतीत या प्रश्नाला रसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्राकडे उत्तर आहे. त्यात थोडी दंतकथाही मिसळली आहे, ती वेगळी काढावी लागते.

लॅम्बिकमध्ये यीस्ट घालतच नाहीत. विरजण न लावता आंबोळीचं पीठ जसं आपसूक फुगतं, तसाच हा प्रकार. काँतियोंमध्ये एका घाण्याला ८५० किलो सातूचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, आणि ४५० किलो कच्चा, म्हणजे मोड न आणलेला गहू लागतो. दळलेलं धान्य सुमारे ४५ अंशांपासून ७२ अंश सेल्सियसपर्यंत टप्प्याटप्प्याने गरम पाण्यात भिजवतात. मधूनच पांढरट, पिठाळ पाणी काढून वेगळं उकळतात, त्यामुळे त्यातली विकरं, म्हणजे शर्करा तोडणारी एंझाइम्स, निकामी होतात आणि लांब साखळीच्या शर्करा तशाच शिल्लक राहतात. साध्या बिअरमध्ये हा दोष ठरेल. इथे मात्र पुढच्या तीन वर्षांची ती शिदोरी असते, कारण साधं यीस्ट या शर्करा खाऊ शकत नाही आणि त्या उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवायच्या असतात.

असा सुमारे १०,००० लिटर गोड काढा कित्येक तास उकळून ७,५०० लिटरवर आणतात. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, घालतात ती दोन-तीन वर्षं जुनी, वाळून पिवळट झालेली. ताज्या हॉप्सने काढा कडू होतो, आणि कडू व आंबट एकत्र आले की जीभ नको म्हणते. जुन्या हॉप्समधली कडू आम्लं हवा लागून बरीचशी मोडून गेलेली असतात, पण काही जिवाणूंना रोखण्याची ताकद उरते. त्यांना शिळ्या चीजसारखा वास येतो आणि लांबलेल्या उकळीत तो बराचसा निघून जातो.

खरा खेळ त्यानंतरचा. उकळता काढा पंपाने माळ्यावर चढवतात आणि तांब्याच्या एका अवाढव्य, उथळ परातीत ओततात. हिला कूलशिप म्हणतात. छपराखालच्या झडपांतून थंड वारा येत राहतो. रात्रभरात काढा १८ ते २० अंशांवर यायला हवा. रात्र गरम असली तर तो कोमट अवस्थेत फार वेळ रेंगाळतो, नको ते जिवाणू वाढतात आणि अख्खा घाणा वाया जातो. म्हणून साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच बिअर बनते. २०१५ चा नोव्हेंबर इतका उबदार होता की काँतियोंला काम थांबवावं लागलं. हवामानबदलाचा फटका या धंद्याला असा थेट बसतो, कारण इथे कूलिंग मशीन म्हणजे बाहेरची रात्र. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्या पर्यटकाला फक्त रिकामी परात दिसते. वाफा पाहायच्या असतील तर हिवाळ्यात जावं.

सकाळी काढा लाकडी पिंपांत भरतात. मग एकामागून एक सूक्ष्मजीवांच्या पाळ्या सुरू होतात. पहिल्या महिन्यात आतड्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, म्हणजे एंटेरोबॅक्टेरिया, साखर खातात. या काळातली चव घेण्याच्या फंदात कुणी पडू नये. मग नेहमीचं बिअरचं यीस्ट, सॅकरोमायसिस, ताबा घेतं आणि मद्यार्क तयार होतो. त्या मद्यार्काने आणि घसरत्या पीएचने आधीची मंडळी मरतात. काही महिन्यांनी पेडिओकॉकस हा जिवाणू लॅक्टिक आम्ल करू लागतो. या टप्प्यावर बिअरला कधीकधी चक्क तार सुटते, बिघडलेल्या डाळीसारखी. नवखा माणूस पिंप ओतून देईल, जाणता थांबतो. कारण शेवटी ब्रेटॅनोमायसिस हे चिवट यीस्ट येतं, ती तार आणि उरलेल्या लांब शर्करा दोन्ही पचवतं आणि तो तबेल्याचा वास देऊन जातं. या कुळाला नाव दिलं कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसन यांनी, १९०४ मध्ये, तेही इंग्लिश बिअरमध्ये सापडलं म्हणून. लॅम्बिकमधल्या जातीला पुढे ब्रुसेल्सचं नाव मिळालं.

पिंपात वर एक साय धरते, ती ऑक्सिजन अडवते. लाकडातून बिअर उडून पातळी फार खाली गेली, की ॲसिटिक जिवाणूंना हवा मिळते आणि बिअरचं व्हिनेगर होतं. ते जिवाणू वाहून आणतात चिलटं. म्हणून काँतियोंमध्ये कोळ्यांची जाळी झाडत नाहीत. पाहुण्यांना ही गंमत वाटते, पण तो कीडनियंत्रणाचा भाग आहे.

आता दंतकथेकडे वळू. ही बिअर ब्रुसेल्समधून वाहणाऱ्या झेन नदीच्या खोऱ्यातल्या हवेमुळेच बनते, असं पूर्वापार सांगतात. नदी तर ब्रुसेल्स शहरात १८६७ ते १८७१ च्या दरम्यान झाकून टाकली गेली. शिवाय अमेरिकेतल्या कूलशिप बिअरचा २०१२ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा तिथेही जवळपास याच क्रमाने सूक्ष्मजीवांच्या पाळ्या आढळल्या. म्हणजे हवेला एकटीला श्रेय देता येत नाही. जागेशी घट्ट बांधलेल्या गोष्टी दुसऱ्याच आहेत: पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या पिंपांच्या लाकडात मुरलेले सूक्ष्मजीव, आणि मिश्रण करणाऱ्याची जीभ. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून जाड बाटलीत बूच मारतात, त्याला ग्यूझ म्हणतात. तरुण बिअरमधली उरलेली साखर बाटलीत आंबते आणि फेस येतो. कुठलं पिंप कशात मिसळायचं याचं कोष्टक नसतं.

मग पर्यटक नेमका कशासाठी येतो? एक कारण अगदी रोखठोक आहे. न मिसळलेली, बिनफेसाची लॅम्बिक कुंड्यातून ओततात, ती दूरच्या दुकानांत क्वचितच दिसते. टंचाईची ओढही असतेच. बेल्जियममधल्याच वेस्टफ्लेटरनचे मठवासी आपली बिअर मोजकीच बनवतात आणि त्या बाटल्यांसाठी लोक वर्षानुवर्षं थेट मठाच्या दारात गाड्या नेत आले आहेत. दर दोन वर्षांनी खोऱ्यातल्या लॅम्बिक ब्रुअऱ्या दारं उघडतात आणि बसमधून एकीकडून दुसरीकडे जाता येतं. 'टूर द ग्यूझ' नावाचा हा उपक्रम १९९७ पासून चालतो.

दुसरं कारण मेंदूत आहे, आणि माझ्या मते तेच अधिक वजनदार. अमेरिकेतल्या एमआयटीच्या परिसरातल्या पबमध्ये काही संशोधकांनी बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे थेंब टाकून लोकांना चाखायला दिली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच न सांगता दिली तेव्हा बऱ्याच जणांना ती साध्या बिअरपेक्षा आवडली. चाखण्याआधी व्हिनेगरचं सांगितलं तर आवड घसरली. चाखल्यानंतर सांगितलं तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे आधी कळलेली गोष्ट चवीतच मिसळते. लॅम्बिकची फेरी हा प्रयोग उलट दिशेने करते. आधी परात, जाळी, तीन वर्षांची पिंपं दाखवायची, मग पेला हाती द्यायचा. तोवर आंबटपणाचा अर्थ 'नासलेली' असा न राहता 'मुरलेली' असा झालेला असतो. तीच बाटली मुंबईच्या एखाद्या पार्टीत अचानक उघडली तर निम्मे लोक ती परत ठेवतील.

तरीही आणायचीच असेल तर भारतात येताना करमुक्त मद्याची मर्यादा २ लिटर आहे. ७५० मिलीच्या दोन आणि ३७५ मिलीची एक, एवढं त्यात बसतं. बाटल्या चेक-इन सामानात जाडसर कपड्यांत गुंडाळाव्यात. पोहोचल्यावर दोन-तीन आठवडे स्वस्थ ठेवाव्यात, गाळ तळाशी बसू द्यावा, आणि १२ अंशांच्या आसपास थंड करून न हलवता ओतावी. काळोखी, गार जागा नसेल तर मात्र मोह आवरावा. २००९ मध्ये द्री फाँतेनन या दुसऱ्या लॅम्बिक ब्रुअरीत थर्मोस्टॅट बिघडून कोठार एका रात्रीत प्रचंड तापलं, हजारो बाटल्या फुटल्या आणि उरलेली बिअर भट्टीत ऊर्ध्वपातनासाठी पाठवावी लागली. नागपुरात मे महिन्यात बंद घराच्या माळ्यावर ठेवलेली ग्यूझ उष्णतेच्या बाबतीत त्या कोठारापासून फार दूर नसते.