ऑस्ट्रेलियातल्या शेतावर एक वर्ष: वर्क अँड हॉलिडे व्हिसाचा अर्ज सोलापुरातून कसा करायचा

मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणं म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पैसे आधी उचलायचे आणि हंगामभर फेडत राहायचं. ऑस्ट्रेलियातल्या फळबागांत काम मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला कर्ज काढून पैसे देणारा मुलगाही त्याच फेऱ्यात अडकतो. या व्हिसासाठी मध्ये मुकादम लागतच नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

व्हिसाचं नाव वर्क अँड हॉलिडे, सबक्लास 462. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे तो भारतीयांना मिळू लागला आणि पहिली नोंदणी ऑक्टोबर 2024 मध्ये झाली. जागा वर्षाला फक्त 1,000. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे 40 हजार जणांनी नावं नोंदवली होती. त्यामुळे निवड सोडतीने होते, तिला बॅलट म्हणतात. ओळख, वशिला, 'गॅरंटी' यातलं काहीही इथं चालत नाही. जो गॅरंटी देतो त्याच्या ऑफिसातून उठून या.

पात्रता अशी: वय 18 ते 30, भारतीय पासपोर्ट, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण आणि कामापुरतं इंग्रजी. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी 4.5 बँड (गुण) पुरतात. मराठी माध्यमातल्या मुलांनी हा आकडा नीट वाचावा, कारण विद्यापीठ प्रवेशासाठी लागणाऱ्या 6 किंवा 6.5 बँडच्या धास्तीने कितीतरी जण विचारच सोडून देतात. दोन-तीन महिने रोज तासभर बसलात तर 4.5 अवघड नाही. आपल्यावर अवलंबून असलेलं मूल सोबत नेता येत नाही.

बॅलटच्या नोंदणीला 25 ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात. ती ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या इमीअकाउंट या ऑनलाइन खात्यावर स्वतःच करायची, आणि त्या वेळी पासपोर्ट व पॅन कार्ड हवं. खरी अडचण इथंच येते. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पॅनवर क्रम वेगळा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना स्वतंत्र. त्यात लग्न झालेल्या मुलींची अर्धी कागदपत्रं माहेरच्या नावाची. माझ्या नात्यातल्या एका मुलाच्या पॅनमध्ये वडिलांच्या नावाचं एक अक्षर चुकलं होतं आणि ते दुरुस्त होऊन येईपर्यंत नोंदणीची मुदत गेली. म्हणून तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका. पासपोर्ट समोर ठेवून बाकीचा प्रत्येक कागद त्याच्याशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. पासपोर्टच नसेल तर सोलापुरातल्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आजच घ्या.

नाव निघालं तर 28 दिवसांत व्हिसाचा अर्ज भरायचा असतो. बारावीनंतरच्या शिक्षणाची प्रमाणपत्रं, इंग्रजीचा निकाल आणि बँकेत साधारण 5,000 डॉलर, शिवाय परतीच्या तिकिटापुरते पैसे, याचा पुरावा जोडावा लागतो. खात्यात पैसे आधीपासून असू द्या; आदल्या दिवशी काकांनी वळते केलेले तीन लाख कुणाच्याही नजरेत भरतात. 2024-25 मध्ये अर्जाची फी 650 डॉलर होती. ती सहसा दर जुलैत वाढते, म्हणून भरण्याआधी ताजा आकडा बघून घ्या. बोटांचे ठसे मागितले तर पुण्याला जावं लागतं. वैद्यकीय तपासणी फक्त त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. अर्ज करताना आणि व्हिसा मिळताना तुम्ही ऑस्ट्रेलियाबाहेर असायला हवं.

आता कामाचं. उत्तर क्वीन्सलँडमध्ये टलीकडे केळी, मिल्ड्युराच्या भागात द्राक्षं. पंढरपूर-बार्शीकडच्या द्राक्षबागेत छाटणी, विरळणी केलेल्या पोराला काम नवं नाही, पण ऊन, अंतर आणि एकटेपणा नवा असतो. काम उक्तं असलं तरी 28 एप्रिल 2022 पासून फळबागेतल्या मजुराला तासाच्या किमान मजुरीची हमी आहे. 'जेवढे क्रेट भराल तेवढेच पैसे' असं कुणी सांगितलं तर ते बेकायदा आहे. देशाचं किमान वेतन 1 जुलै 2025 पासून तासाला 24.95 डॉलर झालं, आणि कॅज्युअल म्हणजे कायम नसलेल्या मजुराला त्यावर 25 टक्के जास्त मिळतात. तक्रार फेअर वर्क ऑम्बड्समन या मजुरांच्या हक्कांसाठीच्या सरकारी कार्यालयाकडे करायची, दुभाषाही मिळतो.

पोहोचल्यावर टॅक्स फाइल नंबर (करासाठीचा क्रमांक) काढा, तो फुकट मिळतो. मालक तिथल्या करखात्याकडे नोंदणीकृत असेल तर 45,000 डॉलरपर्यंत 15 टक्के कर कापला जातो. निवृत्तिनिधीत जमा होणारी रक्कम देश सोडल्यावर मागता येते, पण त्यातून 65 टक्के कर जातो, म्हणून ती हिशेबात मोठी धरू नका. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिनेच काम करता येतं.

दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेलं काम तीन महिने, म्हणजे 88 दिवस, करावं लागतं. तिसऱ्यासाठी सहा महिने. दुसऱ्या वेळी सोडतीत उतरावं लागत नाही. पण शेत त्या यादीत बसतं का हे पिनकोडवरून आधीच बघा, कारण तिथं राबल्यावर कळून उपयोग नाही. बिनपगारी काम मोजलं जात नाही. प्रत्येक आठवड्याची पगारपावती आणि मालकाचा एबीएन (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि एक प्रत घरी आईच्या किंवा भावाच्या फोनवर पाठवून द्या.