फॉस्फोइनॉसिटाइड संदेशवहन

पेशीबाहेरून आलेला संदेश पेशीपटलातील विशिष्ट मेदरेणू तोडून आत पोहोचवणारी आणि त्यातून पेशीद्रवातील कॅल्शियम आयनांची पातळी वाढवणारी यंत्रणा. ग्रंथींचा स्राव, अनैच्छिक स्नायूंचे आकुंचन, रक्तबिंबिकांचे एकत्र येणे, फलन अशी अनेक कामे तिच्यावर अवलंबून असतात.

यंत्रणेचा पाया कॅल्शियमच्या तफावतीत आहे. विश्रांत पेशीच्या द्रवात मुक्त कॅल्शियम लिटरमागे सुमारे १०० नॅनोमोल असते. पेशीबाहेर ते १ ते २ मिलिमोल, म्हणजे १०,००० पट किंवा त्याहून अधिक. ही तफावत आपोआप टिकत नाही. पेशीपटलावरचे आणि आंतर्द्रव्यजालिकेवरचे (पेशीच्या आतील पटलांच्या जाळ्यावरचे) पंप एटीपी हा ऊर्जावाहक रेणू खर्चून कॅल्शियम सतत पेशीबाहेर किंवा जालिकेच्या पोकळीत लोटत राहतात. पेशीचा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम वाढले तर फॉस्फेटबरोबर त्याचा साका बसतो, त्यामुळे ते दूर ठेवणे पेशीला भागच असते. मात्र याच सक्तीमुळे थोडेसे कॅल्शियम द्रवात सुटले तरी संकेत ठळक उमटतो.

संदेशासाठी लागणारा मेद पटलाच्या आतल्या थरात तयारच असतो. त्याचे नाव फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल ४,५-बिसफॉस्फेट, संक्षेपाने पीआयपी२. पटलातील मेदांत त्याचा वाटा जेमतेम एखादा टक्का. संप्रेरक किंवा चेतापारेषक पेशीपटलावरील ग्राहीला (संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाला) जोडले गेले, की जी-प्रथिन या मध्यस्थामार्फत फॉस्फोलायपेज सी हे विकर सक्रिय होते आणि पीआयपी२चे दोन तुकडे करते. वाढघटकांच्या बाबतीत हेच काम टायरोसीन कायनेज या विकरामार्फत होते. इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने आयपी३, हा तुकडा पाण्यात विरघळतो. तो जालिकेवरील ग्राहीला जोडला जातो, तिथली वाहिनी उघडते आणि साठवलेले कॅल्शियम बाहेर पडते. दुसरा तुकडा, डायअसिलग्लिसरॉल, मेदच असल्याने पटलातच राहतो आणि प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या प्रोटीन कायनेज सी या विकराला चेतवतो. या कायनेजच्या प्रमुख प्रकारांना डायअसिलग्लिसरॉलबरोबर कॅल्शियमही लागते. एका रेणूपासून फुटलेल्या दोन वाटा अशा पुन्हा एकत्र येतात; या यंत्रणेचे हे सर्वांत सुंदर अंग म्हणावे लागेल.

मेद म्हणजे केवळ पटलाची बांधणी, असा समज दीर्घकाळ होता. १९५३ मध्ये माबेल आणि लोवेल हॉकिन यांनी कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांवर असिटिलकोलीन वापरले, तेव्हा किरणोत्सारी फॉस्फरस फॉस्फोलिपिडांत झपाट्याने शिरलेला दिसला. त्याचा अर्थ लागायला तीन दशके गेली. १९७५ मध्ये रॉबर्ट मिशेल यांनी इनॉसिटॉल मेदांची ही उलथापालथ कॅल्शियमशी जोडली. मायकेल बेरिज यांनी माशीच्या लाळग्रंथींवर काम करून आयपी३चा माग काढला, आणि १९८३ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींचे पटल सच्छिद्र करून आयपी३मुळे आतील साठ्यातून कॅल्शियम सुटते हे दाखवले. प्रोटीन कायनेज सीचा शोध यासुतोमी निशिझुका यांच्या गटाचा. जमालगोट्याच्या तेलातील फॉर्बॉल एस्टर त्वचेवरील गाठींच्या वाढीला का चालना देतात, याचे उत्तरही तिथेच सापडले: ते डायअसिलग्लिसरॉलची जागा घेतात, पण त्याच्यासारखे लवकर नष्ट होत नाहीत.

कॅल्शियमचा संकेत बहुधा लाटांसारखा येतो. थोडे कॅल्शियम आयपी३ ग्राहीला उघडण्यास मदत करते, जास्त झाले की तेच त्याला बंद करते. मग पंप द्रव पुन्हा मोकळा करतात आणि चक्र नव्याने सुरू होते. सस्तन प्राण्यांत शुक्रपेशीने आणलेले फॉस्फोलायपेज सी-झीटा अंडपेशीत अशी आंदोलने कित्येक तास चालू ठेवते. संकेत किती मोठा याइतकेच तो किती वेळा येतो यालाही महत्त्व असते. तो वाचणाऱ्यांत कॅल्मोड्युलिन हे प्रथिन प्रमुख असून त्याच्या एका रेणूला चार कॅल्शियम आयन जोडले जातात.

जालिकेतील साठा मर्यादित असतो. तो घटला की जालिकेतील स्टिम१ हे प्रथिन पटलाजवळ सरकते आणि ओराय१ ही वाहिनी उघडते. बाहेरचे कॅल्शियम आत येऊन साठा भरून निघतो. ओराय१मध्ये जन्मजात दोष असलेल्या बालकांच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) प्रतिजन, म्हणजे परका पदार्थ, ओळखूनही पुरेशा सक्रिय होत नाहीत, आणि त्यांना तीव्र प्रतिकारक्षमता-न्यूनता होते.