डिस्क बदलून मागण्याआधी एवढं वाचा

मार्च लागला की आमच्या डिस्क गोल्फच्या (प्लास्टिकची चकती फेकून साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) दुकानात काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं: "अहो, महिन्यापूर्वीच नेली, आता हवेत थरथरते. माल खराब आहे." आम्ही डिस्क काचेवर ठेवतो. एक कडा उचललेली असते. मग आमचा एकच प्रश्न असतो, "डिकीत ठेवता का?"

सकाळी वेताळ टेकडीवर झाडालाच बास्केट मानून खेळायचं, तिथून थेट ऑफिसला जायचं, आणि गाडी दिवसभर उन्हात. बाहेर ३८-४० अंश असताना बंद डिकी त्याहून खूप तापते. प्लास्टिक वितळत नाही, पण नरम पडतं. वर हेल्मेट दाबलेलं असेल तर त्याच वाकात थंड होतं. हा कारखान्याचा दोष नव्हे, म्हणून अशी डिस्क आम्ही बदलून देत नाही. साच्यातला दोष असेल तर मात्र वाद न घालता देतो.

वाकलेली डिस्क टाकूनही देऊ नका. गिझरच्या कढत पाण्यात (उकळत्या नव्हे) चार-पाच मिनिटं बुडवा, ओट्याच्या कडप्प्यावर सपाट ठेवा, हाताने सरळ करा आणि तशीच पूर्ण गार होऊ द्या. महागड्या प्लास्टिकची डिस्क बहुधा जागेवर येते. साध्या प्लास्टिकची येईलच असं नाही. जमत नसेल तर घेऊन या. आमच्याकडून घेतलेल्या डिस्कचे पैसे लावत नाही.

धुण्यात फार काही नाही. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ स्पंज आणि आतल्या कडेसाठी जुना टूथब्रश. पावसाळ्यातला काळा चिखल वाळायच्या आत धुवा. ओली डिस्क बॅगेत कोंबली तर बॅगेला बुरशी धरते. तारेची घासणी, पेट्रोल, थिनर नको. नेलपॉलिश रिमूव्हरने छापील शिक्का जातो, मार्करने लिहिलेलं तुमचं नावही जातं, आणि साधं प्लास्टिक चिकट होऊ शकतं. स्पर्धेत प्रत्येक डिस्कवर ओळखीची खूण लागते, तेव्हा नाव पुन्हा लिहा.

आपल्याकडचा कातळ कडेला काटे काढतो. ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. झिजेपुरतं घासायला पीडीजीएच्या (डिस्क गोल्फची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात मुभा आहे. आकार बदलेल इतकं घासायला नाही. तडा गेलेली डिस्क स्पर्धेत चालत नाही. खेळून खेळून झिजलेली मात्र जपा: उजव्या हाताने बॅकहँड टाकणाऱ्यांना ती हळूहळू उजवीकडे वळू लागलेली जाणवेल, आणि झाडांमधून काढायला अशीच डिस्क कामी येते. तिच्या जागी कोणती नवी घ्यावी ते दुकानात टाकून बघूनच ठरवा, मागच्या बोळात तेवढी जागा आहे.

डिस्क आडव्या राहतील अशी कापडी बॅग आम्ही शिवून घेतली आहे. खांद्याला लावून ऑफिसात नेता येते, डिकीत मावत नाही. मुद्दामच.

सोमवारी दुकान बंद.