सावली खरंच गायब होते, पण वर्षातून दोनदाच

रोज दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो असं भल्याभल्यांना वाटतं, शाळेत भूगोल शिकूनसुद्धा. तसं होत नाही, आणि हे पटवायला पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर आल्याने सरळ उभ्या वस्तूची सावली क्षणभर दिसेनाशी होते त्या दिवशी, लोकांना उन्हात उभं करते. 1944 साली सुरू झालेली, हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सगळ्यात जुनी संस्था, टिळक स्मारक मंदिरात असते. भाषणं तर ते देतातच, पण स्वतः बघा आणि मोजा हा त्यांचा आग्रह मला जास्त भावतो.

आता गंमत बघा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकताना दिसतो. पुण्याचा अक्षांश साधारण 18.5, म्हणजे सूर्याची क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो आकडा) उत्तरेकडे तेवढी झाली की तो पुण्याच्या बरोब्बर डोक्यावर. हे घडतं 13-14 मेच्या आसपास, आणि तेही बाराला नाही तर साडेबाराच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ 82.5 रेखांशाचं आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला. मेच्या मध्यात क्रांती रोज पाव अंशाने वाढते, म्हणून शून्य सावलीची रेषा दिवसाला पंचवीस-सत्तावीस किलोमीटर उत्तरेला सरकते. सावंतवाडीला आधी, मग पुणं, मग धुळं, नागपूर. दिल्लीला कधीच नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या वर आहे.

पुण्यात शून्य सावली असते त्याच दिवशी, धुळ्याच्या माध्यान्हाला, म्हणजे तिथे सूर्य सगळ्यात उंच असताना, धुळ्यात एक मीटरची काठी उभी करा, चार सेंटिमीटरच्या आसपास सावली पडेल. म्हणजे कोन झाला साधारण 2.4 अंश. दोन्ही गावांतलं उत्तर-दक्षिण अंतर 265 किलोमीटर धरलं तर 360 भागिले 2.4 म्हणजे 150, गुणिले 265, की आला पृथ्वीचा परीघ, जवळजवळ चाळीस हजार किलोमीटर! ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने हेच केलं होतं, दोन हजार वर्षांपूर्वी. शाळेतली पोरं फोनवर एकमेकांना आकडे सांगून हे करू शकतात.

यात शुभ-अशुभ काही नाही. ग्रहणात गरोदर बायकांना उपाशी कोंडून ठेवतात त्याचा मला खरंच राग येतो, निदान या दिवसाला तरी असलं काही चिकटवू नका.

जुलैअखेर सूर्य परत येताना दुसरी संधी असते, बारा चाळीसच्या सुमारास, पण तेव्हा बहुतेक ढग असतात. त्यामुळे काठी मे महिन्यातच काढा, आणि ओळंबा लावून सरळ आहे ना ते बघा, जरा कलली तरी सगळा हिशोब चुकतो.