रेशनच्या तांदळात प्लास्टिक? तपासून बघा

नाशिकमध्ये वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज: ‘रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे मिसळतात, पाण्यात तरंगतात.’ इगतपुरीच्या इंद्रायणी तांदळाची सवय असलेल्या डोळ्यांना ते पिवळसर, एकसारखे दाणे खटकणारच.

प्रत्यक्षात ते तांदळाच्या पिठाचेच असतात. पिठात लोह आणि फोलिक अ‍ॅसिड, बी-12 ही जीवनसत्त्वं मळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात आणि पोषण वाढवण्यासाठी साधारण शंभर दाण्यांत एक मिसळतात; यालाच फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. घडण सच्छिद्र असल्याने काही तरंगतात, म्हणून तरंगणं ही कसोटीच नव्हे.

खात्री करायची तर संशयित दहा दाणे वेचून वेगळे शिजवा. पिठाचे असतील तर मऊ होऊन बोटांनी चिरडतात. चिरडलेल्यावर जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब टाका. पिठूळ पदार्थ निळा-काळा होतो, प्लास्टिक होत नाही. (तो दाणा नंतर फेकून द्या.)

तांदूळ चोळून पाच-सहा पाण्यांनी धुऊ नका, पेजही ओतू नका; जीवनसत्त्वं वाहून जातात.

या तांदळात किलोमागे लोह 28 ते 42.5 मिलिग्रॅम, म्हणजे शंभर ग्रॅम तांदळातून तीन-चार मिलिग्रॅम. बाईची रोजची लोहाची गरज 29 मिलिग्रॅम. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या थांबवू नका. लोह अंगी लागावं म्हणून वरणभातावर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल (पेठ-सुरगाण्याकडे सिकलसेल आढळतो), तर हा तांदूळ डॉक्टरांना विचारूनच खा.