हलाल-विचार : जैवसामग्रीतील

दात काढल्यावर झिजणारे जबड्याचे हाड भरून काढण्यासाठी, हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत, तसेच हृदयाच्या झडपा व टाक्यांचे धागे यांसाठी प्राणिज पदार्थ वापरतात. त्यांपैकी कोणते मुस्लिम रुग्णाला ग्राह्य, याविषयीचा इस्लामी विधिशास्त्रातील विचार. डुकरापासून मिळणारे पदार्थ हा मुख्य प्रश्न. गोवंशीय जनावर विधिवत जबह (अल्लाहचे नाव घेऊन गळा कापणे) केलेले होते का, हा दुसरा.

अस्थिरोपणाचा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. शाफिई (सुन्नी विधिशास्त्राच्या चार संप्रदायांपैकी एक) विधिज्ञ नववी (मृ. १२७७) यांनी नमाजाच्या अटींच्या ओघात मोडके हाड अपवित्र हाडाने जोडण्याचा विचार केला आहे. पवित्र हाड न मिळाल्यास असा माणूस क्षम्य. मिळत असताना वापरले, तर उघड अपाय होण्याची भीती नसल्यास ते काढलेच पाहिजे. मृत्यूनंतर मात्र काढू नये, हे त्यांना ग्राह्य वाटणारे मत. शाफिईंच्या मते जबह न केलेल्या जनावराचे हाड अपवित्रच. हनफी हा दुसरा संप्रदाय मानणारे मात्र हाडात प्राण नसतो म्हणून डुक्कर वगळता ते पवित्र धरतात (चरबी चिकटलेली नसावी). म्हणजे जबड्यात भरायच्या गाईच्या हाडाच्या भुकटीबाबत जबहचा प्रश्न हनफींपुढे जवळजवळ उरत नाही. महाराष्ट्रात बहुसंख्य मुस्लिम हनफी, तर कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफिई असल्याने एकाच भुकटीबद्दल दोन उत्तरे संभवतात.

दुसरा वाद ‘इस्तिहाला’ म्हणजे मूळ पदार्थाच्या संपूर्ण परिवर्तनाचा. मिठाच्या खाणीत पडून मीठच झालेला प्राणी हनफी विधिज्ञ मुहम्मद अश्-शैबानी शुद्ध मानतात. त्याच संप्रदायाचे अबू यूसुफ मानत नाहीत. १९९५ च्या कुवेत येथील वैद्यक-फिक्ह (फिक्ह म्हणजे इस्लामी विधिशास्त्र) परिषदेने अपवित्र प्राण्यापासूनचे जिलेटिनही परिवर्तनामुळे शुद्ध ठरवले; ते सर्वांना मान्य नाही. हा निर्णय हिरडीच्या शस्त्रक्रियेत वापरायच्या कोलॅजेनच्या (प्राण्यांच्या ऊतींतील तंतुमय प्रथिनाच्या) पडद्याला लावणे कठीण दिसते, कारण त्यात तंतूंची मूळ रचना मुद्दाम राखलेली असते. उच्च तापमानाला भाजलेल्या हाडातही उरणारे खनिज आधीपासूनचेच. तेथे परिवर्तनापेक्षा पृथक्करण झाले म्हणणे अधिक सयुक्तिक.

सोन्याच्या दातांसाठी पैगंबरांचे सहकारी अर्फजा यांच्या हदीसचा (पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदीचा) आधार घेतात. कुलाबच्या लढाईत नाक गमावल्यावर त्यांनी चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी आली, तेव्हा पैगंबरांनी सोन्याचे लावण्यास सांगितले. तरी हनफी संप्रदायाचे प्रवर्तक अबू हनीफा दात बांधण्यास चांदीच सुचवतात. सिरॅमिक व टायटॅनियम प्राणिज नसल्याने हे प्रश्न त्यांना लागत नाहीत.

डुकराच्या दंतांकुरांपासून काढलेली एनॅमल मॅट्रिक्स प्रथिने (हिरड्यांच्या उपचारात वापरतात) वा डुकराची हृदय-झडप यांबाबत ‘जरूरत’ (नाइलाज असल्यास निषिद्धालाही मुभा) हा आधार दिला जातो. पर्याय हाताशी असल्यास तो लंगडा पडतो. मात्र यांत्रिक झडपेसोबत रक्त गोठू न देणारे औषध आजन्म घ्यावे लागते, त्यामुळे तिला सरसकट पर्याय म्हणता येत नाही. मलेशियाने २०१९ मध्ये हलाल वैद्यकीय साधनांसाठी एमएस २६३६ हे मानक काढले. भारतात गोवंशीय सामग्रीला अनेक हिंदू रुग्णांचीही हरकत असू शकते. माशांच्या कोलॅजेनचे पडदे दोन्ही बाजूंना सोयीचे ठरतात.