बाप्तिस्म्यानंतरची वाट : ओवी, अभंग आणि मराठी ख्रिस्ती उपासना

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारी सकाळी जाऊन बसा. दाराशी चपलांचा ढीग, आत एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. पेटीवाला काळी चार धरतो आणि ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतसंग्रहातलं पहिलं गीत सुरू होतं. चाल विलायती, शब्द मराठी. सगळे व्यवस्थित गातात, पण शाळेतल्या प्रार्थनेसारखे. दोन-तीन गीतांनंतर अभंग निघतो. कोणीतरी कोपऱ्यातले टाळ उचलतं, मागे बसलेली म्हातारी सरसावून बसते आणि पुस्तक मिटून ठेवते. तिला ते लागतच नाही. अभंग संपतो तेव्हा पाळकाला प्रार्थना सुरू करायला क्षणभर थांबावं लागतं, कारण मंडळी अजून धृपदातच असते.

एकाच तासात दिसणाऱ्या या फरकामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे.

बायबलातल्या प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रात, बाराव्या अध्यायात, दोन वचनं लागोपाठ येतात. पहिलं म्हणतं, आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करा, हीच तुमची उपासना. दुसरं म्हणतं, मनाच्या नवीकरणानं तुमचं रूपांतर होऊ द्या. उपासना आणि रूपांतर असे शेजारी-शेजारी ठेवलेले आहेत, ते उगाच नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो. नवीकरण मात्र रोजचं काम, आणि मंडळीच्या समजुतीप्रमाणे ते घडतं प्रार्थनेत, वचनात, प्रभुभोजनात आणि गाण्यात. महाराष्ट्रात आणि गोव्यात अडचण पहिल्यापासून इथेच आली. बाप्तिस्मा लवकर मिळाला. रोज ज्यात मन घोळेल अशी उपासना मिळायला फार वेळ लागला.

ही अडचण पहिल्यांदा नीट ओळखली ती एका इंग्रजानं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षं, म्हणजे १६१९ मध्ये वारेपर्यंत, तिथेच राहिले. तेव्हाच्या गोव्यात देवळं पाडली गेली होती, जुन्या पोथ्या घरात ठेवण्याची चोरी होती. बाटलेल्या माणसांच्या हातात प्रश्नोत्तरांची लहान पुस्तिका आणि लॅटिन मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), एवढंच काय ते होतं. पूर्वजांची पुराणं काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी काय देता, हा प्रश्न नवख्रिस्ती विचारत होते. स्टीफन्स यांचं उत्तर १६१६ मध्ये रायतूरला छापून आलं. त्याला आपण ‘क्रिस्तपुराण’ म्हणतो. जवळपास अकरा हजार ओव्या, लिपी रोमन, भाषा मराठी. सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा, आणि ढंग असा की ज्ञानेश्वरी ऐकलेल्या कानाला परकं वाटू नये. मराठीला हरळांमधल्या रत्नकिळेची उपमा देणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण शाळेत शिकतो आणि तिथेच थांबतो. ग्रंथाचा उपयोग कसा होत होता ते क्वचितच सांगितलं जातं. रविवारी आणि सणांना मिस्सा आटोपल्यावर लोक बसायचे आणि तो मोठ्यानं वाचला जायचा. मिस्सा लॅटिनमध्ये, ती धर्मगुरूची. पुराण मात्र ऐकणाऱ्यांचं.

त्याच शतकात, १६५९ मध्ये, वसई-मुंबईकडच्या मराठीतलं ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं पुराण छापलं गेलं. उपवासकाळात ते गायची चाल त्या पट्ट्यात पुढे राहिली. गोव्यात मात्र १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचं फर्मान काढलं. ज्या राजवटीत पुराणांवर बंदी होती तिथेच एक पुराण छापलं गेलं, आणि सत्तरेक वर्षांत त्याची भाषाही नको झाली. क्रिस्तपुराणाची १६१६, १६४९ आणि १६५४ ची आवृत्ती निघाली, पण त्यातल्या एकीचीही छापील प्रत आज सापडत नाही. हस्तलिखितांनी ते वाचवलं. पुढची छापील आवृत्ती थेट १९०७ मध्ये, तीही मंगळूरला.

यानंतर गोष्ट देशावर सरकते आणि पंथही बदलतो, कॅथलिकांकडून प्रोटेस्टंटांकडे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं. या मंडळींनी शाळा काढल्या, छापखाने चालवले, बायबलाचं भाषांतर केलं. गाण्यात मात्र त्यांचे हात बांधलेले होते. इंग्रजी गीताची चाल आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर किंवा अक्षरसंख्येवर. चाल तशीच ठेवून वर मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व अक्षर ताणावं लागतं, दीर्घ गिळावं लागतं आणि अर्थ मध्येच लटकतो. ज्यांनी ही गीतं लहानपणापासून गायली त्यांना आज ते खटकत नाही, जिभेला सवय झालेली असते. पण १८५० च्या सुमारास नुकत्याच मंडळीत आलेल्या महार-मांग कुटुंबाला ते कसं वाटलं असेल याची कल्पना करता येते. ही माणसं गाण्याला नवखी नव्हती. वाजंत्री, पोवाडा, भजन हे त्यांच्या घरातलंच होतं.

बांध फुटला तो १८६० च्या दशकात, नगरमध्येच. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. पूर्वरंग, आख्यान, मधे पदं, मागे साथीदार, सगळं रीतसर, फक्त आख्यान बायबलातल्या उधळ्या पुत्राचं किंवा योसेफाचं. काही मिशनरींना आधी ते तमाशाच्या वळणाचं वाटलं असणार. पण ऐकायला गर्दी झाली आणि आक्षेप मावळले. माझ्या मते कीर्तनाचा मोठा गुण म्हणजे त्याची लांबी. प्रवचन अर्ध्या तासात उरकतं. कीर्तन रात्रभर चालतं आणि तेवढा वेळ माणूस एकाच गोष्टीत बसून राहतो.

नारायण वामन टिळकांकडे आलं की मात्र थांबावं लागतं. जन्म १८६१, करजगाव, दापोलीकडचे चित्पावन ब्राह्मण. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानं त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची पहिली ख्रिस्ती पद्यं भारदस्त, संस्कृतप्रचुर आहेत. ख्रिस्त आहे, पण तो सभेत उभा असल्यासारखा दूर. जवळिकीचा सूर त्यांना पुढे तुकोबांच्या गाथेत सापडला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते म्हणत. एकदा अभंग हाती आल्यावर कविता बदलली आणि कवीही. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त ‘माउली’ आहे, तो हट्ट पुरवतो, रागावतो, भक्ताशी भांडतोसुद्धा. मंडळीच्या गीतसंग्रहात त्यांची शंभरावर गीतं गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र बसावेत ही कल्पना होती. ती फुलायच्या आत, ९ मे १९१९ ला, ते गेले.

या रूपांतराची किंमत कोणी मोजली ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परतल्या त्या सोवळं घेऊनच, एका छपराखाली पण पाणी वेगळं. त्यांना कोणी वादात हरवलं नाही. एक दिवस विचार करता करता जाती माणसानं केल्या, देवानं नव्हेत, हे त्यांना मनोमन पटलं आणि त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० मध्ये. म्हणजे पौलानं सांगितलेलं नवीकरण आधी आणि विधी मागून. पुढे त्या स्वतः कीर्तनं करू लागल्या.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत क्रम बरोबर उलटा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. पण आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. पुराण सांगत तीर्थं हिंडणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. अर्थ न कळता होणारं पठण म्हणजे काय, हे त्यांना पोटासाठी केलेल्या कामातून ठाऊक होतं. म्हणूनच या वाक्याला वजन आहे.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळांतून आलेल्या शेकडो मुली-बायका होत्या. वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांत जागृती, म्हणजे मंडळ्यांत श्रद्धेची नवी लाट, आल्याच्या बातम्या येत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणारा गट केला, आरंभी सत्तर जणींचा. जूनपर्यंत संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस एका सभेत मुली रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, सगळ्या एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. जमिनीवर बसलेल्या शेकडो बाया आणि एकाच वेळी शेकडो आवाज. पाहायला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी बाजू घेतली ती बायकांची. भारतीय माणसांची जागृती त्यांच्या स्वभावाला साजेशीच होणार, पाश्चात्त्य शिस्तीचं जोखड त्यांच्या मानेवर कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्याच अनेकजणी पुढे गटागटानं आसपासच्या गावांत वचन सांगायला जाऊ लागल्या.

इथे टिळक आणि रमाबाई यांच्यातला भेद लक्षात घेण्याजोगा आहे, आणि तो सहसा झाकला जातो. टिळकांनी वारकरी शब्द जसेच्या तसे उचलले. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचं भाषांतर करताना जुन्या धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द जाणून टाळले आणि अडाणी बाईला कळेल अशी साधी मराठी वापरली. मुक्तिसदनातल्या बायकांनीच ते छापलं. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, पूर्ण बायबल त्यानंतर बाहेर आलं. बरोबर कोण होतं, हे मला ठरवता येत नाही. गाण्यात टिळक जिंकले, एवढं दिसतं. घरच्या साध्या प्रार्थनेत मात्र आजही रमाबाईंसारखीच भाषा ऐकू येते.

पुढचं थोडक्यात. टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला. जमिनीवर बसून, भारतीय वेषात, भारतीय वळणाची उपासना हा त्यांचा ध्यास. पुण्यातल्या त्यांच्या आश्रमातच, पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून नाव झालेले व्हेरिअर एल्विन भारतात प्रथम राहिले. कॅथलिकांकडे बदल आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेच्या, डिसेंबर १९६३ मधल्या निर्णयानंतर. लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा सुरू झाली आणि १९६९ मध्ये आरती, फुलं, पंचांग प्रणाम अशा गोष्टींना भारतात परवानगी मिळाली. वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा ऐकत वाढलेल्या पिढीला ती कालपरवाची गोष्ट आहे हे खरंही वाटत नाही.

टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं. स्टीफन्स यांच्या मृत्यूला बरोबर तीनशे वर्षं झाली त्या साली ते गेले, आणि काव्य पहिल्या काही अध्यायांवरच राहिलं. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, जिचं पाणी एकेकाळी वेगळं होतं तिनं.